दर शनिवारी आपटेकरांकडे

१ जानेवारी १९५३, गुरुवार

गेल्या वर्षी मला नापास करताना परीक्षकांनी एक उपदेश फुकट दिला. म्हणाले, "टिपणीस, रोज काय वाचलंत ते लिहून काढत जा." म्हणून ही वही.

मी कमळाकर टिपणीस. पनवेलच्या बाजारपेठेत आठ वर्षं दवाखाना चालवतो. ताप, हगवण आणि विंचू यांवर माझा हात बरा बसला आहे. पण नावापुढची पदवी जुन्या, लहान अभ्यासक्रमाची. मोठ्या पदवीची परीक्षा एप्रिलात आहे आणि मी तिला तिसऱ्यांदा बसणार आहे. दोन्ही खेपांना शरीररचनेत गेलो, आणि तेही मानेच्या वरच्या भागात. पहिल्या वेळी परीक्षकाने कवटी उलटी केली, तळाच्या एका भोकात काडी घातली आणि विचारलं, "यातून काय जातं?" मी म्हणालो, "काडी." शेजारचा उमेदवार हसला, परीक्षक हसले नाहीत.

देवाने कवटीच्या तळाला इतकी भोकं का पाडली हे त्यालाच ठाऊक. प्रत्येक भोकाला नाव आहे, प्रत्येकातून कुठली तरी नस किंवा रक्तवाहिनी जाते, आणि एकही माझ्या डोक्यात राहत नाही.

या वेळी स्वतःची कवटी विकत आणली आहे. आईने पहिलं विचारलं, "कुणाची?" म्हटलं, ओळख नाही. मग ती देवघराच्या समोर नको म्हणाली. माझ्या बायकोने, वेणूने, मात्र कवटी पुसून टेबलावर ठेवली आणि वर माझी जुनी काळी टोपी घातली. त्या कवटीला ती 'भाऊजी' म्हणते. परपुरुष बोडका बसलेला तिला बरा वाटत नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत. आईचे तिळाचे लाडू खाडीच्या बांधाला घालावेत असे झाले होते. त्यातला एक उजवीकडच्या खालच्या अक्कलदाढेवर आला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. ही दाढ तीन वर्षं अर्धी वर, अर्धी हिरडीत अशी बसून आहे. अधूनमधून दुखते. मी लवंग धरतो.

वेणू म्हणाली, "एकदा आपटेकरांकडे दाखवून या ना."

आईने हातातला झारा खाली ठेवला आणि उठून आत गेली. वेणू वाईची, लग्नाला दोनच वर्षं झालेली. तिला पुरतं माहीत नव्हतं, ते मी सांगितलं. १९२७ साली माझ्या वडिलांची दाढ इसाजी आपटेकरांनी काढली. इसाजी म्हणजे इस्रायल आळीतले तेलवाले. तेलाचा घाणा हा मुख्य धंदा, आणि जोडीला दात काढायचे. दाढ काढली आणि चौथ्या दिवशी वडील गेले. मी सात वर्षांचा होतो. तेव्हापासून आमच्या घरात आपटेकरांचं तेल येत नाही आणि नावही येत नाही. इसाजींचा मुलगा दानियल शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. सात वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. उत्तरं मात्र एकमेकांची बघितली.

दानियल आता मुंबईहून दंतवैद्य होऊन आला आहे. त्याच घरात पुढच्या खोलीत वरखाली होणारी खुर्ची आहे म्हणे.

इथे खरं लिहायला हरकत नाही. वैराचं मला फारसं काही नाही. मला भीती वाटते. लोकांची गळवं मी हसत हसत फोडतो, पण पक्कड म्हटली की वडील खाटेवर कसे दिसत होते ते आठवतं आणि हातपाय गार पडतात. वैर आहे म्हणून बरं आहे.

१७ जानेवारी, शनिवार

वेणूने हट्ट धरला. "सासूबाई देवळात गेल्यात, तेवढ्यात जाऊन या." दुपारी दवाखाना बंद ठेवून गेलो.

युक्ती मला जेवताना सुचली होती. आपटेकर म्हणजे बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. शनिवार पाळणारे. पनवेलचं शेंबडं पोरही जाणतं की शनिवारी इस्रायल आळीत चूल पेटत नाही, घाणा फिरत नाही आणि दात निघत नाही. वेणूला हे कुठून ठाऊक असणार? वाईला गणपती आहे, इस्रायल नाहीत.

ओट्यावर चढलो. दार बंद, जसं असायला हवं तसं. थोडा वेळ उभा राहिलो, म्हणजे आपण आलो होतो असं आपल्याला म्हणता यावं. मग कोपऱ्यावर उसाचा रस पिऊन घरी आलो.

"बंद होतं," म्हटलं.

"हो का?" वेणू म्हणाली आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिला माझी दया आली असावी.

२६ जानेवारी, सोमवार

परवाच्या शनिवारी पुन्हा जाऊन आलो. या वेळी वेणूने हातात डबा दिला. म्हणाली, "डॉक्टर भेटले नाहीत तरी घरात माणसं असतीलच. कडी वाजवा आणि रिबेकाबाईंना एवढं द्या." रिबेका म्हणजे दानियलची बायको. या दोघींची ओळख शिवणाच्या वर्गात झाली म्हणे. बायकांच्या ओळखी कुठे होतील सांगता येत नाही.

कडी वाजवायची तर पंचाईत होती. मी ओट्यावर उभा राहिलो, खिडकीत काहीतरी हललं, तसा उतरलो. डबा दवाखान्यात बळीरामला दिला. बळीराम माझा कंपाउंडर, रोडपालीचा. त्याच्या हातात गेलेला डबा कधी भरलेला राहत नाही.

आज वेणूने विचारलं, "रिबेकाबाई काय म्हणाल्या?"

"वड्या गोड झाल्यात म्हणाल्या."

"वड्या? मी तर तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या होत्या."

मी म्हटलं, रिबेकाबाई फार सभ्य बाई आहेत, त्या सगळ्यालाच गोड म्हणतात. वेणू पदर तोंडाला लावून आत गेली. तिला पडसं झालं असावं.

अभ्यास: खालच्या जबड्याचा सांधा. झाला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

माणसाच्या उघड्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावतात, असं पुस्तकात आहे. आज माझी दोनच मावली. मोठ्याने घोकण्याने जबडा थकला असणार.

सकाळी रोडपालीची गुणाबाई दोन पोरं घेऊन आली. दोघांनाही गालफुगी. मी औषध लिहून दिलं, तेव्हा ती माझ्याकडे निरखून बघत होती.

"डाक्टर, तुमचा बी गाल फुगलाय की."

आरशात पाहिलं. उजवीकडे जबड्याच्या कोपऱ्याखाली खरंच थोडं भरलेलं दिसतंय. म्हणजे मलाही गालफुगी लागली. केवढं हायसं वाटलं. दाढेचा काही संबंधच नाही.

लहानपणी मला गालफुगी होऊन गेली आहे, ती दुसऱ्यांदा होत नसते, असं आई म्हणते. आईची आठवण हल्ली भरवशाची राहिलेली नाही.

एक मात्र काळजी आहे. प्रौढ पुरुषाला गालफुगी झाली तर ती कधी कधी गालावरून खाली, भलत्याच ठिकाणी उतरते आणि पुढे मुलं होत नाहीत. वेणूला हे सांगितलं नाही. लंगोट घट्ट बांधला आहे. त्याने काही होत नाही हे मला डॉक्टर म्हणून माहीत आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

आईने कुंभारआळीतून ठमाबाईला बोलावलं. गालफुगीवर कुंभाराच्या चाकावरची माती लावली की ती ओसरते, अशी इकडची समजूत. ठमाबाईने अर्धा गाल लिंपला. मी काही बोललो नाही. एक तर तिच्यापुढे कुणी बोलत नाही, आणि दुसरं म्हणजे तोंड उघडत नाही.

माती वाळल्यावर तसाच दवाखान्यात बसलो. बळीराम म्हणाला, "डाक्टर, लोकं इचारतात, शिमग्याला अजून येळ हाय ना?"

परवाच्या शनिवारीही आपटेकरांकडे जाऊन आलो. सवयीने गेलो. त्या ओट्यावर आता मला अगदी घरच्यासारखं वाटतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

महाशिवरात्र. कडक उपास घडला, कारण तोंडात आता एकच बोट जातं आणि पेजही दातांच्या फटीतून ओढावी लागते. आई माझ्या भक्तीवर खूश आहे.

अभ्यास मात्र आजच्याइतका कधी झाला नव्हता. चेहऱ्याच्या आत खोलवर स्नायूंच्या मधे मोकळ्या जागा असतात. एरवी त्या नुसत्याच असतात, तिथे काही नसतं. पू झाला की मग त्यांचा पत्ता लागतो. दोन वर्षं हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं, ते आज बळीरामने नकळत शिरवलं. त्याच्या घरचं मिठागर. तो सांगत होता, भरतीला एका बांधाला खांड पडली की पाणी शेजारच्या वाफ्यात, तिथून तिसऱ्यात. "मंग ते कुटं जाऊन थांबंल, सांगता येत नाय."

भाऊजींची टोपी काढली आणि बोटाने वाट काढत गेलो. पहिला वाफा जबड्याच्या आतल्या अंगाला, हाड आणि चावायचा स्नायू यांच्या मधे. इथे पू झाला तर बाहेर सूज थोडी, पण तोंड उघडत नाही. तिथला बांध फुटला की दुसरा वाफा, घशाच्या बाजूचा. तिथे पू गेला की गिळता येत नाही आणि आवाज बदलतो. तिथून खाली उतरला तर मानेतून थेट छातीत. वर चढला तर कवटीच्या तळाशी, त्या काडीवाल्या भोकांपाशी, आणि मग मेंदू. अशा रोग्याला ताबडतोब चिरा द्यावा. बहुतेक वेळा सुरुवात खालच्या अक्कलदाढेपासून होते.

सगळं पाठ झालं. परीक्षेला हेच यावं. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. गालफुगीत भरतोच.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आवाज तोंडात गरम भात धरून बोलल्यासारखा येतो. बळीरामकडून पेनिसिलिन टोचून घेतलं. एरवी लोकांना टोचताना हा माणूस देवाचं नाव घेतो. मला टोचताना त्याने घेतलं नाही, त्याअर्थी त्याला मजा आली असावी.

वेणू म्हणाली, "आज शुक्रवार आहे. दिवेलागणीपर्यंत ते खुर्चीवर असतात. मी येते बरोबर. आईंचं मी बघून घेते."

"उद्या जातो," म्हणालो. "उद्या नक्की."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कांदा चिरत होती म्हणाली. पाटावर तर गवार होती.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळ. थुंकी गिळता येत नाही, वाटीत सोडतो. आडवा झालो की श्वास अडतो. बसून लिहितो आहे.

परवाचं पान वाचलं. माझंच अक्षर. जबड्याच्या आतली बाजू. तोंड उघडत नाही. गिळता येत नाही. आवाज बदलतो.

मी गाढव आहे.

आज शनिवार.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज हात स्थिर आहे. त्या शनिवारचं सगळं लिहून ठेवतो.

वरच्या ओळी वेणूने माझ्या खांद्यावरून वाचल्या. तिने लगेच पायांत चपला घातल्या आणि निघाली. आई दारात आडवी उभी राहिली. "त्या घरची पायरी चढलीस तर—"

"पायरी चढत नाही, आई," वेणू म्हणाली. "ती माणसं आज मशिदीत असतात. मी तिथे जाते." इस्रायल लोक आपल्या प्रार्थनेच्या जागेला मशीद म्हणतात. हेही तिला माहीत होतं. शनिवारचं तर तिला पहिल्यापासून माहीत होतं, हे मला त्या क्षणी कळलं आणि अडकलेल्या श्वासातही लाज वाटली.

बळीराम मोटार बघायला धावला होता. मुंबईची बस सकाळीच गेलेली. खाजगी मोटारीने ठाण्याच्या वळणाने जायचं म्हणजे दुपार होणार, आणि दुपारपर्यंत मी टिकेन असं मला वाटत नव्हतं. मी हे शांतपणे लिहितो आहे, पण तेव्हा शांत नव्हतो. मला मरायचं नव्हतं. वेणूच्या डब्याबद्दल खोटं बोलून मरायचं तर मुळीच नव्हतं.

दानियल आला तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, डोक्यावर प्रार्थनेची टोपी. सव्वीस वर्षांत तो पहिल्यांदा आमच्या उंबऱ्याशी उभा होता. आई अजून दारातच होती.

"तुझ्या बापाने याच्या बापाला मारलं," ती म्हणाली. "आता तू आलास."

"हो, काकू," दानियल म्हणाला. "नंतर काय ते बोला. आधी पाणी उकळायला ठेवा. आज मी चूल पेटवत नाही."

आई बाजूला झाली. पाणी तिनेच ठेवलं.

त्याने माझ्या मानेला हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "कमळाकर, आतून जाता येणार नाही, तोंड बंद आहे. बाहेरून मी कधी चिरा दिलेला नाही." मी त्याच्याकडे बघितलं. मीही कधी घेतलेला नव्हता.

"आज शनिवार," मी जवळ ठेवलेल्या पाटीवर लिहिलं, आवाज फुटतच नव्हता. का लिहिलं कोण जाणे. चार आठवड्यांची सवय.

"जीव जात असेल तर शनिवार मोडायचा, हेही शनिवारच्याच कायद्यात आहे," तो म्हणाला. "तुला फक्त निम्माच कायदा ठाऊक."

बधिर करणारा थंड फवारा मारून त्याने पातं जबड्याच्या कडेला लावलं. त्या कडेवरून एक बारीक नस ओठाकडे जाते. ती तुटली तर माणूस जन्मभर अर्ध्याच तोंडाने हसतो. दोन परीक्षांत मी ती नस विसरलो होतो. आता मात्र तिची वाट मला आतून दिसत होती. मी त्याचं मनगट धरलं, माझी दोन बोटं कडेच्या खाली आडवी ठेवली आणि त्यांच्या खाली नखाने रेघ ओढली. मग चिमटा कसा घालायचा तेही हाताने दाखवलं. वर, हाडाला धरून, आतल्या अंगाने. घशाकडे वळायचं नाही.

"नक्की?" त्याने विचारलं.

मान हलवता येत नव्हती. डोळे मिटून हो म्हटलं.

दुखलं. त्याचं वर्णन करत नाही, कारण तेवढी शिवी मला लिहिता येत नाही. मोटार न मिळता परतलेल्या बळीरामने पाय धरले होते आणि तो माझ्या वतीने ओरडत होता. चिमटा आत शिरला, उघडला, आणि वाटीभर पू आला. लगेच नाही, पण थोड्या वेळात श्वास मोकळा झाला. हवा अशी आत गेली की रडू आलं. रडलो. वेणूही रडली. या वेळी तिने कांद्याचं नाव घेतलं नाही.

वाटी आईने धरली होती. ती वाटीकडे बघत होती. वास फार वाईट होता, दानियलनेही तोंड फिरवलं. आई मात्र तिथेच उभी होती.

"हाच वास," ती म्हणाली. "यांच्या तोंडाला हाच वास यायचा."

कुणी लक्ष दिलं नाही. मीही दिलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

तोंड दोन बोटं उघडलं. आपटेकरांच्या ओट्यावर पहिल्यांदाच रविवारी चढलो आणि कडी वाजवली. दाढ निघाली. गार पडलो, पण मेलो नाही.

दानियल हात धुताना म्हणाला, "दर शनिवारी येत होतास. बाबा खिडकीत बसलेले असतात. म्हणायचे, टिपणिसाचा पोर आला, उभा राहिला, गेला. दार उघडायचं त्यांच्या मनात यायचं, पण हात पुढे होत नसे."

इसाजी अजून आहेत हे मला माहीत होतं. पण ते कसे आहेत हा विचार कधी केला नव्हता. दानियल म्हणाला, तुझ्या वडिलांनंतर बाबांनी एकही दात काढला नाही. अवजारं खाडीत टाकली. माझ्या आईने त्यांना खूप सांगितलं, की त्या माणसाचं मरण आलंच होतं. त्यांचं एकच म्हणणं, माझ्या हाताने गेला.

१ मार्च, रविवार

आठवडाभर आईचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. आज भाजी निवडताना तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "बाबांच्या तोंडाला तो वास कधी यायचा? दाढ काढल्यावर?"

"छे. आधी," ती म्हणाली. "काढायच्या आधी चार दिवस. जवळ बसवत नव्हतं."

"तोंड उघडत होतं?"

"कुठलं. पेज पाजायचे मी, दातांच्या फटीतून. थुंकीसुद्धा गिळत नव्हते. आवाज असा भरलेला. शेवटी मीच म्हटलं, चला इसाजीकडे, तर इसाजीने जोर लावून तोंड उघडून दाढ उपटली आणि..."

ती थांबली. हातातली मेथी तशीच राहिली. तिने मलाही त्या आठवड्यात पेज पाजली होती, दातांच्या फटीतून. ती माझ्या मानेवरच्या पट्टीकडे बघत होती.

मी तिला सगळं सांगितलं. तो पू त्या वेळी घशाच्या बाजूला पोचलेला होता. दाढ काढली नसती तरी बाबा जाणारच होते, कदाचित एक दिवस आधी. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं, चिरा देणारं कुणी नव्हतं. इसाजींनी त्यांना मारलं नाही. त्यांना मारलं ते झालेल्या उशिराने.

आईने हातातली मेथी खाली ठेवली. मग म्हणाली, "सव्वीस वर्षं मी त्या माणसाला शिव्या दिल्या."

मला तिची फार दया आली. माझ्या स्वतःच्या शिव्या तर मनातल्या मनात होत्या, तिने मोठ्याने दिल्या होत्या, रस्त्यावर, त्यांना ऐकू जातील अशा.

८ मार्च, रविवार

भाऊजींना पिशवीत घालून इसाजींकडे गेलो. निघताना आईने हातात डबा दिला. म्हणाली, "इसाजीला दे. विचारलं तर सांग, वेणूने केल्यात." पिशवीत कवटी आणि हातात करंज्या, असा माणूस पनवेलच्या बाजारातून जाताना लोक वाट देतात.

इसाजी खिडकीजवळ बसले होते. ऐंशीच्या पुढचे. हात मांडीवर, तळवे वर केलेले, आणि दोन्ही हात थरथरत होते. मला बघून उठायला लागले, मी बसवलं.

काय बोलायचं ते आठवडाभर ठरवलं होतं, ते सगळं विसरलो. कवटी काढून त्यांच्यासमोर उलटी धरली आणि परीक्षेला द्यावं तसं उत्तर दिलं. ही दाढ. हा जबड्याच्या आतला वाफा. इथे पू झाला की तोंड बंद होतं. इथून हा घशाच्या बाजूला आला की गिळणं बंद. बाबा तुमच्याकडे आले तेव्हा तो इथे होता, म्हणजे इथपर्यंत येऊन चुकला होता. तुम्ही हात लावला तो त्यानंतर. माझं बोट कुठे अडखळलं नाही. दोन वेळा नापास झालेला मी नव्हतोच जणू.

म्हातारा कवटीकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "म्हणजे मी नाय?"

"नाही. तुम्ही नाही."

"मीच म्हणून बसलो होतो," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले. माझेही भरले. दानियल दारात उभा होता, तो आत गेला.

थोड्या वेळाने म्हाताऱ्याने सदऱ्याने तोंड पुसलं. म्हणाला, "तुझा बाप रोज इथूनच जायचा, कचेरीला. मी म्हणायचा, टिपणीस, ये, दाढ बगू. तो म्हणायचा, इसाजी, उद्या येतो. महिनाभर. हसून म्हणायचा." मला वडिलांचं हसणं कधीच आठवलं नव्हतं. खाटेवरचे वडीलच आठवायचे.

मग तो एकाएकी म्हणाला, "तोंड उघड."

त्याने चष्मा लावला, रिबेकाबाईंकडून पाणी घेऊन हात धुतले, आणि माझी हनुवटी धरून मला उजेडाकडे वळवलं. हात थरथरत होता, पण बोट तोंडात गेल्यावर थरथर थांबली. प्रत्येक दातावर टकटक करत तो मागे गेला. आतून दानियल आला आणि बघत उभा राहिला. नंतर त्याने मला सांगितलं, सत्तावीस सालानंतर बाबांनी बघितलेलं हे पहिलं तोंड.

"वर डावीकडची पन किडलीय," म्हातारा म्हणाला. "काडायला पायजे."

माझे हातपाय गार पडले. म्हणालो, "हो, काढू ना. उद्या येतो."

त्याने माझी हनुवटी सोडली नाही.

"तुमचा टिपणिसांचा उद्या मी एकदा बगितलाय," तो म्हणाला. "दानियल, खुर्ची वर घे."